अखिल जागतिक बभ्रा मंडळ

बँकेत लागलो त्या दिवशी माझ्याकडून दोन गोष्टी करून घेण्यात आल्या. सकाळी डॉक्टरांनी ‘आ करा’ म्हणून माझं तोंड उघडायला लावलं आणि दुपारी साहेबांनी ते कायमचं बंद ठेवण्याबद्दल एका छापील कागदावर सही घेतली. ‘निष्ठा व गोपनीयतेचं प्रतिज्ञापत्र’ असं त्या कागदाचं भारदस्त नाव. १९७० च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात तेरावं कलम आहे. त्याचा साध्या मराठीत अर्थ असा, की गिऱ्हाइकाच्या खात्यात काय आहे हे गिऱ्हाईक, बँक आणि परमेश्वर यांच्यापलीकडे जाता कामा नये. (ऑडिटर हा परमेश्वराचा प्रतिनिधी समजावा.)

एम. जे. कॉलेजातून बी. कॉम. होऊन नुकताच बाहेर पडलेला मी त्या सहीने फार भारावून गेलो. जळगावात राहूनही आपण एखाद्या देशाचे वकील वगैरे झालो, असं वाटायला लागलं. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, “पगार किती?”

मी म्हणालो, “ते गोपनीय आहे, आबा.”

आबांनी चष्मा काढून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि कपाती असं सगळं सुट्ट्या पैशांसकट सांगून टाकलं. प्रतिज्ञा करून तेव्हा जेमतेम सहा तास झाले होते.

पुढे कळलं, की ‘गोपनीय’ या शब्दाला आमच्या शाखेत कोणीच भीत नाही. साधं पत्र तीन-तीन दिवस ट्रेमध्ये लोळत पडतं. पण पाकिटावर ‘गोपनीय’ असा लाल शिक्का असला, की ते जिना चढून वर येईपर्यंत चहावाल्यालासुद्धा आतला मजकूर पाठ झालेला असतो. साहेबांच्या बदलीची बातमी साहेबांना सगळ्यात शेवटी कळते. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे, कारण एकावर विश्वास नाही. आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड मात्र कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहिलेला, कारण स्मरणशक्तीवर विश्वास नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की मी बँकेत चिकटलो त्याच सुमाराला, म्हणजे २००६ च्या ऑक्टोबरात, एका संस्थेने इंटरनेटवर आपल्या नावाची नोंद केली आणि त्याच डिसेंबरात पहिला गुप्त कागद जगापुढे टांगला. ज्युलियन असांज नावाचा एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ तिचा म्होरक्या. संस्थेचं नाव विकिलीक्स. मी सही केली होती ती तोंड न उघडण्याबद्दल आणि या लोकांनी विडा उचलला होता तो जगातल्या तिजोऱ्या उघडण्याचा. मी माझ्यापुरतं तिचं नाव ‘अखिल जागतिक बभ्रा मंडळ’ असं ठेवून दिलं आहे.

मंडळ म्हटलं की आपल्याकडे वर्गणी आलीच. या मंडळाची वर्गणी कागदांची. सरकारच्या, लष्कराच्या, बँकांच्या कपाटातला जो कागद बाहेर दिसू नये असा असेल, तो गुपचूप मंडळाच्या पेटीत टाकायचा. पावती नाही. टाकणारा कोण, हे मंडळालासुद्धा कळू नये अशी पेटीची रचना. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीत नेमकं उलटं असतं. देणाऱ्याचं नाव लाउडस्पीकरवर आणि हिशेब गुप्त.

मंडळाचं नाव कोर्टात गाजलं ते एका बँकेमुळे. ज्युलियस बेअर ही स्वित्झर्लंडची बँक. तिच्या केमन बेटांवरच्या कारभाराचे कागद मंडळाने टांगले. बँक तडक अमेरिकेतल्या कोर्टात गेली आणि २००८ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी मंडळाच्या नावाची पाटीच उतरवायचा हुकूम दिला. पाटी उतरली, पण मंडळाची दुसरी दारं उघडी होती, लोक त्यांतून आत जाऊ लागले. ज्यांना केमन बेटं खायची की नेसायची हे ठाऊक नव्हतं, तेही ते कागद शोधायला लागले. दोन आठवड्यांनी न्यायाधीशांनी आपला हुकूम मागे घेतला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आमच्या आजीला ठाऊक होतं. स्विस बँकेला त्यासाठी वकील लावावे लागले.

दुसरी बँक आइसलँडची, काउपथिंग नावाची. २००८ च्या ऑक्टोबरात ती कोसळली. पुढल्या वर्षी जुलैअखेर मंडळाने तिची कर्जाची यादीच बाहेर काढली. साडेचार कोटी युरोंहून मोठी कर्जं तेवढी, आणि तीही बँक बुडायच्या काही दिवस आधीची बाकी दाखवणारी. मोठमोठ्या रकमा बँकेच्याच बड्या भागधारकांशी संबंधित कंपन्यांना दिलेल्या. १ ऑगस्ट २००९ ला तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ही बातमी द्यायचं ठरवलं, तर बातम्या सुरू व्हायला काही मिनिटं उरलेली असताना मनाई हुकूम येऊन थडकला. मग त्या लोकांनी काय करावं? आम्हाला अमुक बातमी द्यायला मनाई झाली आहे, एवढं सांगितलं आणि मंडळाचा पत्ता पडद्यावर दाखवला. सबंध आइसलँड देशाची वस्ती तेव्हा सव्वातीन लाखांच्या आतबाहेर. २०११ च्या जनगणनेत एकट्या जळगाव शहराची साडेचार लाखांवर होती. एवढ्याशा वस्तीत कर्जाचं रजिस्टर फुटल्यावर काय हलकल्लोळ झाला असेल, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं.

ही बातमी मी घरी ओट्यावर बसून वाचली आणि पेपरची घडी घालून ठेवून दिली. बायकोने विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही, बँक बुडाली.” “तुमची?” “नाही, आइसलँडची.” “मग चहा घेता का?” म्हणून ती आत गेली.

पण माझा चहा त्या दिवशी गोड लागला नाही. कारण त्याच्या दोन वर्षं आधीची एक गोष्ट. आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. शाळेत शिपाई होत्या. निवृत्त झाल्यावर हातात आलेले एक लाख ऐंशी हजार त्यांनी जळगावातल्या एका पतसंस्थेत ठेवले. आमच्या बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त. आबांचेही पंचवीस हजार तिथेच. त्या पतसंस्थेत कॉलेजातला माझा एक मित्र कारकून होता. एका संध्याकाळी टपरीवर चहा पिताना तो कपाकडे बघत म्हणाला, “भो, कोणाले सांगू नको. कर्जं सगळी संचालकांच्या घरातच वाटली आहेत. वसूल काही व्हायचं नाही.”

त्याने विश्वासाने सांगितलं होतं. फुटलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. मी दुसऱ्या दिवशी आबांचे पंचवीस हजार, औषधपाण्याला लागतात म्हणून, काढून आणले आणि कोणालाही काही बोललो नाही. प्रतिज्ञापत्रावरची सही मला तेव्हा फार सोयीची वाटली. तीन महिन्यांनी पतसंस्थेचं शटर खाली आलं. तेव्हा जिल्ह्यात अशी बरीच शटरं खाली आली होती, त्यात आणखी एक. मावशी माझ्या काउंटरवर आल्या. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही बँकेतले. तुम्हाला काही कळलं नव्हतं का?”

मी म्हणालो, “नाही, मावशी.”

कामात माझ्या चुका पुष्कळ झाल्या आहेत. नावेची रक्कम जमेला टाकली आहे, सहाचा नऊ केला आहे. त्या सगळ्या संध्याकाळपर्यंत सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. ही एक नोंद तेवढी तशीच पुढे ओढत राहिलो. काउपथिंगची यादी कोणी पेटीत टाकली असेल ते असो. माझ्या खिशात मात्र पेटीत टाकण्यासारखा एक कागद होता आणि मी तो घरच्यापुरता वापरला होता.

असो. २०१० साली मंडळाने कहर केला. एप्रिलात बगदादवर हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबाराची चित्रफीत दाखवली. जुलैत अफगाणिस्तानच्या युद्धाचे कागद, ऑक्टोबरात इराक युद्धाच्या ३,९१,८३२ नोंदी आणि नोव्हेंबरअखेर अमेरिकी वकिलातींच्या २,५१,२८७ तारा बाहेर काढायला सुरुवात. शेवटच्या आकड्यापर्यंत मोजदाद बघून मला भरून आलं. सुटे आकडे न खाणारा माणूस हा आमच्याच पंथाचा. आणि ही सगळी वर्गणी आणून दिली कोणी? इराकमधल्या तळावर बसून अहवाल वाचणाऱ्या, बावीस वर्षांच्या, हुद्द्याने अगदी खालच्या अशा एका व्यक्तीने. आज त्यांचं नाव चेल्सी मॅनिंग. सीडीवर लेडी गागा या गायिकेचं नाव घालायचं आणि गाणं गुणगुणत आत कागद उतरवून घ्यायचे, असा प्रकार. जगातल्या सगळ्यात बलाढ्य सरकारची गुपितं अखेर असल्या एका कारकुनी टेबलावरून बाहेर पडली. साहेबलोकांनी हे लक्षात ठेवावं आणि कारकुनाची रजा अडवताना दोनदा विचार करावा. मॅनिंग यांना २०१३ साली पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी ती कमी केली आणि २०१७ च्या मे महिन्यात त्या सुटल्या.

मंडळाला वेसण कोणी घातली म्हणाल, तर आमच्याच धंद्याने. २०१० च्या डिसेंबरात व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल यांनी मंडळाच्या देणग्यांचे रस्ते बंद केले. सैन्याला जे जमलं नाही ते ‘आपला व्यवहार होऊ शकत नाही’ या एका वाक्याने जमलं. हे वाक्य आम्ही दिवसातून वीसदा म्हणतो. त्याच्यात एवढा दारूगोळा आहे याची कल्पना नव्हती.

२०११ साली माझी बदली धुळ्याला झाली. त्याच वर्षी १५ मार्चपासून ‘द हिंदू’ने भारतासंबंधीच्या तारा छापायला घेतल्या आणि मराठी पेपरांतूनही त्यांचा गवगवा सुरू झाला. २००८ च्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी रोकड भरलेल्या पेट्या दाखवल्याचा उल्लेख एका तारेत होता. संबंधितांनी तो साफ नाकारला आणि संसदेत मोठा गदारोळ झाला. मी एस.टी.त बसून हे शेजारच्याला वाचून दाखवलं. गाडी पाळधी सोडून एरंडोलकडे निघाली होती. तो शेंगा सोलत म्हणाला, “हे त आपल्याले आधीच माहीत होतं, भो!” एरंडोल आलं, पारोळा गेलं, शेंगा संपल्या, त्याचं मत बदललं नाही. आपल्या लोकांना गुपित फुटल्याचं नवल वाटत नाही. ते छापायला एवढा वेळ का लागला, याचं वाटतं.

धुळं हे गाव बँकवाल्याला मानवणारं आहे. कॅप्टन ब्रिग्जसाहेबाने आखलेलं, गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत; एखाद्या लेजरच्या पानातून फिरल्यासारखं वाटतं. एका रविवारी फिरता फिरता राजवाडे संशोधन मंडळात गेलो आणि चमकलो. गुप्त कागद छापण्याचा विडा उचललेला माणूस आमच्या खानदेशाच्या ओळखीचा निघाला!

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि पुढल्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने मंडळ निघालं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला. असे बावीस खंड. त्यांत आहे काय? पेशव्यांची, सरदारांची, कारभाऱ्यांची पत्रं. कोणाला देणं किती, कोण कोणावर रुसला, कोणाच्या छावणीत दाणा नाही. लिहिली त्या दिवशी फुटली असती तर कोणाची तरी मान गेली असती, असा मजकूर. त्यासाठी हा माणूस गावोगाव पायपीट करत हिंडला. वाडेवाले दफ्तर दाखवायला तयार नसत. इनामं जातील, अब्रू जाईल, अशी धास्ती. तेच कागद वाण्याकडे पुडीला गेले तर चालत. इतिहासकाराला जे दिसू द्यायचं नाही ते अर्धा शेर गुळाबरोबर घरोघर पोचत होतं.

पानिपताची एक हकीकत ग्रँट डफने नोंदवून ठेवली आहे, ती तर आमच्या खात्यातलीच. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले. वाटेत सावकारांचा कासीद भेटला. त्याच्याजवळचं पत्र फोडलं, तर त्यात लढाईचं नाव नाही. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहोरा गेल्या आणि चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही, असा सावकारी हिशेब. विश्वासराव आणि भाऊसाहेब हे ते दोन मोती. एका पिढीचं मरण कोणा पेढीवाल्याने आमच्या भाषेत, नावे-जमेच्या भाषेत, लिहून पाठवलं होतं. बँकेचं गोपनीय पत्र सरकारने फोडण्याची रीत किती जुनी आहे, हे मला तिथे कळलं.

धुळ्याच्या मंडळात आणि जागतिक मंडळात फरक एवढाच, की राजवाड्यांचे लोक मरून दीडशे वर्षं झाली होती आणि असांजचे लोक जिवंत होते. हा एवढासा फरक पुढे फार महाग पडला. तारांच्या गठ्ठ्याला पासवर्ड होता. तो एका पुस्तकात छापून गेला. (कीबोर्डखालची चिठ्ठी निदान आमच्या शाखेपुरती तरी असते!) मग २०११ च्या सप्टेंबरात मंडळाने सगळ्याच तारा, एकही नाव न खोडता, मोकळ्या केल्या. वकिलातींशी विश्वासाने बोललेल्या साध्या माणसांची नावंसुद्धा त्यांत गेली. आधी बरोबर काम करणाऱ्या पाच वर्तमानपत्रांनी याचा जाहीर निषेध केला.

ते वाचलं तेव्हा धुळ्याच्या शाखेतल्या माझ्या काउंटरवर एक नाना येत असत. जवळच्या खेड्यातले, कपाशीवाले. मुलगा पुण्याला इंजिनीअरिंगला. फीसाठी नानांनी बायकोच्या पाटल्या आमच्याकडे तारण ठेवल्या होत्या. पावतीची चार-चार घड्या घालून टोपीत खोचताना म्हणाले होते, “पोऱ्याले सांगू नका, भाऊ.” दिवाळीत पोरगा घरी आला. आईचे हात मोकळे दिसले. आई म्हणाली, हाताला सूज येते म्हणून काढून ठेवल्या. पोरगा हुशार, सरळ बँकेत आला. “काका, बाबांच्या नावावर सोन्याचं कर्ज आहे का हो?”

माझ्यापुढे पडदा उघडा होता आणि आकडा दिसत होता. मी म्हणालो, “सर्व्हर डाऊन आहे.” हे वाक्य लोकहितासाठी वापरल्याचं बँकेच्या इतिहासात बहुधा हे एकच उदाहरण असेल. पुढे पोरगा नोकरीला लागला, नानांनी पाटल्या सोडवून नेल्या. ते गुपित माझ्याकडे अजून आहे आणि त्याने माझी झोप कधी मोडली नाही.

तेव्हापासून माझा हिशेब सोपा झाला आहे. तिजोरीत दुसऱ्याचे पैसे असतील तर तिथे गुपित कसलं? आणि टोपीत खोचलेली पावती फोडण्यात पुरुषार्थ कसला? आपल्या देशानेही हे हळूहळू कागदावर आणलं. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार पुरता लागू झाला. रिझर्व्ह बँक मात्र इतर बँकांचे तपासणी अहवाल विश्वासाचं कारण सांगून द्यायला नाही म्हणत होती. २०१५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की असा विश्वास बँकांशी नाही, ठेवीदार जनतेशी राखायचा. मी तो पेपर कापून ठेवला आहे. फक्त मावशींना त्याचा उपयोग नव्हता; आठ वर्षं उशीर झाला होता.

असांज यांचं पुढे काय झालं? २०१२ च्या जूनमध्ये ते लंडनमधल्या इक्वेडोरच्या वकिलातीत शिरले ते जवळजवळ सात वर्षं बाहेर पडले नाहीत. सोबतीला एक मांजर. एप्रिल २०१९ मध्ये अटक, मग पाच वर्षं बेलमार्शचा तुरुंग. जून २०२४ मध्ये प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर अमेरिकेच्या कोर्टापुढे एक गुन्हा कबूल करून, भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हणून, ते सुटून घरी गेले.

ती बातमी आली तेव्हा मी परत जळगावला आलो होतो. मावशी पेन्शनला आल्या होत्या. पतसंस्थेकडून त्यांना हप्त्याहप्त्याने थोडे पैसे मिळाले, बाकीचे राहिलेच. काउंटरवर गर्दी नव्हती. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणालो, “मावशी, तुम्ही तेव्हा विचारलं होतं ना... मला कळलं होतं.”

मावशींनी पासबुक पुढे सरकवलं. म्हणाल्या, “ठाऊक आहे मला. शटर पडलं त्याच रात्री तुमच्या आबांनी सांगितलं, पोराने आधीच पैसे काढून आणले म्हणून. फार रडले बिचारे.”

“मग इतकी वर्षं तुम्ही...”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, भाऊ. म्हणून म्हटलं, कशाला बोला?”

मावशींनी कुठल्या प्रतिज्ञापत्रावर सही केलेली नव्हती. मी पासबुक मशीनमध्ये घातलं. सर्व्हर, कधी नव्हे तो, चालू होता.